लॅपटॉपवर हरणारी लीला भाच्याच्या पीसीवर जिंकते. मग बलवान कोण?

आडवा_उंट | शुक्रवार, रात्री ११.५०

मंडळी, एक कोडं पडलंय. जाणकारांनी सोडवावं.

दिवाळीपासून नवा नाद लागलाय. स्वतः खेळून हरायचा कंटाळा आला, म्हणून आता बुद्धिबळाच्या इंजिनांना, म्हणजे खेळणाऱ्या प्रोग्रामांना, आपसात झुंजवतो. जेवणं झाली की सामना लावायचा, लॅपटॉप टेबलावर उघडा ठेवून झोपायचं आणि सकाळी दात घासता घासता निकाल बघायचा. घरात याला 'कोंबड्यांची झुंज' असं नाव पडलंय.

माझ्या लॅपटॉपवर (सात वर्षं जुना, दोन कोअर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही) स्टॉकफिश ११ विरुद्ध लीला (दोन्ही इंजिनांची नावं) असे ४० डाव लावले. लीलाचा पार भुगा. जिंकणं सोडा, बरोबरीलासुद्धा मोताद. मग तेच फोल्डर पेन ड्राइव्हवर घालून भाच्याकडे नेलं. त्याच्याकडे गेमिंगसाठी घेतलेला पीसी आहे, कार्ड एवढं मोठं की डब्याचं झाकण लागत नाही. तिथे तेच इंजिन, तीच ओपनिंग, तोच वेळ, आणि लीलाच वरचढ!

माझा अडाणी प्रश्न असा: मशीन वेगवान झालं तर दोघांचाही वेग वाढतो ना? मग फार तर दोघं सारखेच सुधारतील. क्रम का उलटावा? आणि असं होत असेल तर त्या नेटवरच्या रेटिंगच्या याद्यांना अर्थ काय?

---

गुगली_गणपत | शुक्रवार, रात्री ११.५८

रुमाल टाकून ठेवतो. सकाळी निवांत वाचीन.

---

अडीचघर | शनिवार, सकाळी ७.१५

उंटराव, तुमच्या प्रश्नातच उत्तर दडलंय. 'मशीन वेगवान झालं' असं तुम्ही म्हणता, पण वेग ही एकच गोष्ट नाही. भाच्याच्या पीसीचा प्रोसेसर तुमच्यापेक्षा समजा तीन-चार पट जोरात असेल. स्टॉकफिशला मिळाले ते तेवढेच. लीला मात्र तुमच्याकडे प्रोसेसरवर चालत होती आणि तिकडे ग्राफिक्स कार्डावर. दोन्हीकडे तिचा वेग काय दिसत होता? इंजिनाच्या खिडकीत सेकंदाला किती नोड, म्हणजे तपासलेल्या स्थिती, ते लिहिलेलं असतं.

---

आडवा_उंट | शनिवार, सकाळी ९.४०

लॅपटॉपवर शंभरच्या आसपास. मला वाटलं शंभर हजार असतील, पण नाही, नुसते शंभर! भाच्याकडे दहा हजारांच्या पुढे. स्टॉकफिश माझ्याकडे वीस लाखांच्या आसपास, तिकडे ऐंशी-नव्वद लाख.

---

अडीचघर | शनिवार, सकाळी ११.०५

झालं की मग. एकाला चौपट खुराक आणि दुसरीला शंभरपट, वर विचारताय क्रम का उलटला.

लीला न्यूरल जाळ्यानं स्थिती जोखते, आणि ते जाळं म्हणजे मोठमोठ्या कोष्टकांचे गुणाकार. ग्राफिक्स कार्डात असे हजारो गुणाकार एका दमात करणारी छोटी छोटी युनिटं असतात, प्रोसेसरला ते जवळजवळ ओळीनं करावे लागतात. उलट स्टॉकफिशचं काम 'असं असेल तर हे, नाहीतर ते' अशा सतत फुटणाऱ्या फांद्यांचं. ते कार्डाला झेपत नाही. म्हणजे दोघांना एकच मशीन देणं म्हणजे सारखी संधी देणं नव्हे. बैल आणि बोट दोघांनाही नदीवर शर्यत लावल्यासारखं आहे ते.

२०१७ च्या डिसेंबरात गुगलच्या डीपमाइंडनं अल्फाझीरो या न्यूरल जाळ्याच्या इंजिनाचा निबंध टाकला तेव्हा हाच वाद पेटला होता. त्यांनी स्टॉकफिश ८ शी शंभर डाव खेळवले: २८ विजय, ७२ बरोबऱ्या, हार एकही नाही. अल्फाझीरो चार टीपीयूंवर (न्यूरल जाळ्यांसाठीच्या खास चिपांवर) सेकंदाला ८० हजार स्थिती बघत होता, स्टॉकफिश प्रोसेसरच्या ६४ थ्रेडवर (एकाच वेळी चालणाऱ्या मोजणीच्या धाग्यांवर) ७ कोटी. वाचणारे दोन तट पडले. एक म्हणे, बघा, ७ कोटींची गरज नाही, ८० हजारात काम झालं, ही खरी बुद्धी. दुसरा म्हणे, अहो, टीपीयूची ताकद मोजा ना, नोड काय मोजताय! त्यात स्टॉकफिशला हॅश (आधी तपासलेलं लक्षात ठेवायची मेमरी) फक्त १ गिगाबाइट आणि प्रत्येक खेळीला ठोक एक मिनिट. ज्या इंजिनाची निम्मी हुशारी वेळ कुठे खर्च करायचा यात आहे, त्याला ठोक मिनिट म्हणजे हात बांधणंच.

पुढच्या वर्षी त्यांनी जास्त नीट सामना छापला. स्टॉकफिशला ४४ कोअर, ३२ गिगाबाइट हॅश, तीन तासांचा डाव, १००० डाव. त्यातही अल्फाझीरो १५५ जिंकला आणि ६ हरला. म्हणजे पहिला निकाल खोटा नव्हता, पण फुगलेला होता असं माझं मत.

---

सिलिकॉन_सदाशिव | शनिवार, दुपारी १२.३०

(दुपारी १ ते ४ प्रतिसाद मिळणार नाही, आधीच सांगतो.)

एवढं पाल्हाळ कशाला? संगणक बुद्धिबळ म्हणजे शेवटी जो जास्त मोजेल तो जिंकेल. आयबीएमच्या डीप ब्लू संगणकानं १९९७ साली जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं ते सेकंदाला २० कोटी स्थिती बघून. ४८० खास चिपा! प्रोग्राम कोणाचा का असेना.

---

राजगडी_हत्ती | शनिवार, दुपारी २.१०

सदाशिवराव झोपलेत तोवर लिहून घेतो :)

१९९७ चा सामना सगळ्यांना आठवतो, १९९५ चं हाँगकाँग कोणाला आठवत नाही. जागतिक संगणक बुद्धिबळ स्पर्धा. आयबीएमचा डीप ब्लूचा नमुना खास चिपांसह उतरला होता. जिंकलं कोण? फ्रिट्झ ३ हा प्रोग्राम, एका साध्या पेंटियम पीसीवर. डीप ब्लूच्या नमुन्याला समोरासमोर हरवून.

आणि २००९ घ्या. ब्यूनॉस आयर्सला कोपा मर्कोसूर स्पर्धेत पॉकेट फ्रिट्झ ४ माणसांविरुद्ध उतरला. कशावर? एचटीसीच्या मोबाइलवर. सेकंदाला २० हजारसुद्धा स्थिती बघत नव्हता. दहापैकी साडेनऊ गुण, परफॉर्मन्स (त्या स्पर्धेपुरतं रेटिंग) २८९८. डीप ब्लूच्या दहा हजारांशानं मोजणी, खिशात मावणारं यंत्र. जो जास्त मोजेल तो जिंकेल हे खरं असतं तर त्या फोननं ग्रँडमास्टरांपुढे बसायलाच नको होतं.

---

चौसष्ट_खण | शनिवार, दुपारी ४.४५

मी व्यवसायानं प्रोग्रामर आहे आणि हौस म्हणून एक फुटकळ इंजिन लिहिलंय (ते मलाही हरवतं, आणि मी चांगला खेळत नाही). उंटरावांचा मूळ प्रश्न कार्ड बाजूला ठेवूनही उरतो, आणि तोच जास्त गमतीचा आहे: दोन्ही इंजिनं प्रोसेसरवरच चालणारी असली, दोघांनाही नेमका दहापट वेग दिला, तर फरक तेवढाच राहतो का?

नाही राहत. का, ते सांगतो.

कुठल्याही स्थितीत साधारण ३५ खेळ्या शक्य असतात. अल्फा-बीटा छाटणी (निकाल बदलू न शकणाऱ्या फांद्या सोडून देणं) अगदी नीट जमली तर एक प्लाय, म्हणजे एका बाजूची एक खेळी, जास्त खोल जायला ३५ पट नाही, त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सहाएक पट वेळ लागतो. जुनी इंजिनं या हिशोबात चालत. आजची इंजिनं कमालीची कंजूष. 'ही खेळी यादीत शेवटी आहे, हिच्याकडे ओझरतं बघू', 'मी खेळीच केली नाही तरी वरचढ आहे, मग पुढे बघायचं कशाला' अशी छाटणी करत करत हा आकडा दोनच्याही खाली आला आहे.

आता दोघांना दहापट वेगाचं मशीन द्या. सहाच्या आकड्यावाल्याला मिळेल सव्वा प्लाय. १.८ च्या आकड्यावाल्याला जवळजवळ चार. पैसे दोघांना सारखे दिले, पण एकाच्या गावात महागाई जास्त! म्हणून संथ मशीनवर जी दोन इंजिनं जवळजवळ बरोबरीत वाटतात त्यांच्यातली दरी वेगवान मशीनवर रुंदावू शकते. (नवीन इंजिनाचा प्लाय जुन्याइतका भरीव नसतो, अर्धाअधिक छाटलेला असतो, हे मान्य. तरी दिशा तीच.)

याच्या उलट ओढणारी गोष्टही आहे. खोली वाढेल तसा प्रत्येक प्लायचा भाव उतरतो. केन थॉम्प्सननं (हो, युनिक्सवालाच) १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल या आपल्या बुद्धिबळ यंत्रावर केलेला प्रयोग यातला आद्य म्हणावा असा. त्यानं बेललाच बेलशी खेळवलं, फक्त खोली वेगळी ठेवून. ४ प्लायच्या बेलचं रेटिंग आलं १२३५, ५ चं १५७०, ६ चं १८२६, ७ चं २०३१, ८ चं २२०८, ९ चं २३२८. फरक काढा: ३३५, २५६, २०५, १७७, १२०. पायऱ्या त्याच, चढ कमी कमी. पीसीच्या जमान्यात 'वेग दुप्पट म्हणजे ५० ते ७० ईलो' असा ढोबळ आडाखा होता (ईलो म्हणजे रेटिंगचे गुण). ७० ईलो म्हणजे शंभर डावांत साठ गुण. आज वरच्या इंजिनांना लांब वेळ दिला तर दुप्पट वेगाला त्याहून बरंच कमी मिळतं, कारण समोरचाही चुकत नाही आणि डाव बरोबरीत सुटतात.

थोडक्यात दोन दोऱ्या आहेत, एक फरक ताणते आणि एक दाबते. कुठली जास्त ओढेल हे इंजिनांच्या जोडीवर आणि वेळेवर ठरतं. स्टॉकफिशच्या चाचणी व्यवस्थेत हे रोज दिसतं. नवा बदल आधी १० सेकंदांच्या डावांत तपासतात, त्यात पास झाला तर ६० सेकंदांच्या. पहिल्या परीक्षेत पहिला वर्ग आणि दुसरीत नापास झालेले बदल ढिगानं पडलेले असतात.

---

वजीरबाई | शनिवार, संध्या. ६.२०

खण, 'एकाच्या गावात महागाई' हे फार आवडलं. वर्गात वापरीन, नाव सांगून.

एक शंका. जुन्या मासिकांत वाचलेलं की ज्ञानी इंजिनं वेगळी आणि वेगवान इंजिनं वेगळी, आणि मशीन सुधारलं की ज्ञानी पुढे जातात. हायार्क्स ज्ञानी, फ्रिट्झ वेगवान वगैरे. हे खरं होतं?

---

चौसष्ट_खण | शनिवार, संध्या. ७.०५

अर्धवट. तर्क असा की वेगवान इंजिनाला डावपेच आधीच दिसतात. मशीन सुधारलं की तेवढेच डावपेच ज्ञानी इंजिनालाही दिसू लागतात, मग त्याचं ज्ञान वरची मलई ठरते. ऐकायला छान आहे, पण ज्ञान आणि वेग ही दोन टोकं मानायची पद्धतच मला पटत नाही. २०२० च्या सप्टेंबरात स्टॉकफिश १२ आलं त्यात एनएनयूई, म्हणजे छोटं न्यूरल जाळं बसवलं. सेकंदाला मोजल्या जाणाऱ्या स्थिती निम्म्यावर आल्या आणि ताकद शंभर ईलोंच्या आसपास वाढली. ही कल्पना मूळ शोगीच्या, म्हणजे जपानी बुद्धिबळाच्या इंजिनांतली, यू नासूची, २०१८ ची.

त्यातही खोच आहे. ते जाळं चपळ चालतं कारण एका सूचनेत बत्तीस छोट्या आकड्यांवर काम करणारी एव्हीएक्स२ सोय अलीकडच्या प्रोसेसरांत असते. ती नसलेल्या जुन्या मशीनवर स्टॉकफिश १२ जास्त रखडतं आणि त्याची ११ वरची आघाडी आटते. घड्याळाचा वेग सारखा असला तरी!

६४ बिटांचंही तसंच. पट ६४ घरांचा, म्हणून 'पांढरी प्यादी कुठे कुठे' हे एका ६४ बिटी आकड्यात बसतं. ज्यांनी इंजिन असं लिहिलं होतं त्यांना ३२ बिटी मशीनवर प्रत्येक काम दोन तुकड्यांत करावं लागे. ६४ बिटी प्रोसेसर घरोघरी आले तशी ही इंजिनं उसळली. पट साध्या रांगेत ठेवणाऱ्यांना तेवढा लाभ नाही. मशीन दोघांचं एकच.

---

सिलिकॉन_सदाशिव | शनिवार, संध्या. ७.३०

उठलो. हाँगकाँगचं मान्य. एका डावावरून काही सिद्ध होत नाही, पण मान्य.

---

राजगडी_हत्ती | शनिवार, संध्या. ७.४२

सदाशिवरावांनी मान्य केलं. स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

---

नाना_फडणीसांचा_घोडा | शनिवार, रात्री ९.१५

तरुणांच्या चर्चेत म्हाताऱ्याची एक आठवण. वेगाइतकाच वेळ महत्त्वाचा, आणि तो माणसाला नि यंत्राला वेगळा लागतो, हे आनंदच्या एका सामन्यात लख्ख दिसलं होतं. १९९८ साली इटलीत इस्कियाला आनंद विरुद्ध रिबेल १०, एड श्रोडरचं इंजिन. ४५० मेगाहर्ट्झच्या एएमडी के६-२ वर, आणि तो प्रोसेसर फ्रीजसारखा थंड केलेला. पाच मिनिटांचे चार डाव: रिबेल ३, आनंद १. पंधरा मिनिटांचे दोन: रिबेल दीड, आनंद अर्धा. आणि पूर्ण वेळेचे दोन: आनंद दीड, रिबेल अर्धा. माणूस तोच, यंत्र तेच, फक्त घड्याळ बदललं.

तेव्हा क्लबात आम्ही निकाल वर्तमानपत्रातून कापून फळ्यावर डकवला होता. एक गट म्हणायचा रिबेल जिंकला, दुसरा म्हणायचा आनंद. दोघंही बरोबर. एकूण ५-३ रिबेल, पण 'खरं' बुद्धिबळ कुठलं यावर भांडण. चहाचे चार कप फुटले नाहीत एवढंच.

स्वीडिश मंडळींच्या इंजिन-रेटिंगच्या यादीत इंजिनाच्या नावापुढे मशीनचं नाव लिहिलेलं असे. तोच प्रोग्राम दोन मशीनवर, म्हणून दोन ओळी, दोन रेटिंगं. मला ती पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते.

---

अडीचघर | शनिवार, रात्री ९.५०

नाना, वा! उंटरावांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या शेवटच्या ओळीत आलं. रेटिंग इंजिनाचं नसतंच, इंजिन अधिक मशीन अधिक घड्याळ या तिघांचं मिळून असतं. सीसीआरएल या रेटिंग यादीची मंडळी वेगवेगळ्या देशांत आपापल्या मशीनवर डाव खेळवतात, पण आधी ठरलेली चाचणी चालवून आपलं मशीन संदर्भाच्या मशीनपेक्षा किती संथ ते काढतात आणि त्या प्रमाणात वेळ वाढवतात. प्रोसेसरवाल्या इंजिनांपुरतं हे बऱ्यापैकी जमतं. कार्डावर चालणारं आलं की तराजूच बदलतो.

उंटराव, तुमच्या सामन्याच्या सेटिंग्ज टाका बघू. ४० डावांतला निकाल तसाही फार हलता असतो. निम्म्या बरोबऱ्या धरल्या तरी दोन्ही बाजूंना सत्तर-ऐंशी ईलोंची चूक सहज.

---

आडवा_उंट | शनिवार, रात्री १०.३०

डोकं गरगरतंय, पण मजा येतेय. सेटिंग्ज: ५ मिनिटं अधिक दर खेळीला ३ सेकंद, हॅश २५६ एमबी, स्टॉकफिशला ४ थ्रेड, लीलाला २. 'पाँडर' की काय ते चालू. प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत विचार करणं चांगलंच ना, म्हणून टिक केलं.

---

चौसष्ट_खण | शनिवार, रात्री १०.३४

अरे देवा.

---

चौसष्ट_खण | शनिवार, रात्री १०.४१

सॉरी, पूर्ण लिहितो. तुमच्या लॅपटॉपला कोअर दोन. लीलाची पाळी आली की स्टॉकफिश गप्प बसत नाही, तिच्याच वेळेत चारही थ्रेड घेऊन विचार करतं. म्हणजे लीला जेवायला बसली की हा शेजारून तिच्या ताटातलं ओढतो. तिला आधीच शंभर नोड, त्यातले किती हिरावले कोण जाणे. भाच्याकडे ती कार्डावर जेवते, याचा हात तिथवर पोचत नाही! तुमच्या उलटापालटीतला काही भाग नुसता याचा आहे.

एका मशीनवर सामना लावताना पाँडर बंद. थ्रेड दोघांनाही एकेक. आणि लीलाला मोठं जाळं देऊ नका. प्रोसेसरवर चालवायला छोटी जाळी मिळतात, ती घ्या.

---

वजीरबाई | शनिवार, रात्री १०.५५

आणि लॅपटॉप चार्जरला लावलेला आहे ना? उशीवर नाही ना ठेवत? आमच्या चिरंजीवांचा गादीवर असतो. पहिल्या डावात नोडचा आकडा छान, तिसऱ्या डावापर्यंत हात लावला तर पोळतो आणि आकडा उतरलेला. मग जे इंजिन नेमकं त्या वेळी विचार करत असेल त्याचं नशीब.

---

आडवा_उंट | शनिवार, रात्री ११.१०

टेबलावर असतो. पण प्लास्टिकच्या टेबलक्लॉथवर. आणि खालच्या जाळीत चिवड्यातला शेंगदाणा अडकलाय हे आत्ता टॉर्च मारल्यावर दिसलं. पंखा का कुरकुरतो ते कळलं.

---

गुगली_गणपत | रविवार, सकाळी ८.३०

निवांत वाचलं. शेंगदाण्यासाठी वेगळा धागा काढा. वाचनखूण साठवली.

---

आडवा_उंट | रविवार, सकाळी १०.२०

अपडेट. शेंगदाणा काढला, पाँडर बंद, थ्रेड एकेक, लीलाला छोटं जाळं. तिचे नोड आता काही हजारांत दिसतायत. रात्रभर डाव चालले. लीला अजूनही मागेच आहे, पण भुगा नाही. तिनं चक्क पाच डाव मारले, त्यात एक असा की घोडा देऊन वीस खेळ्या नुसती दाबत बसली आणि स्टॉकफिशला शेवटपर्यंत वाटत होतं आपण जिंकतोय.

खणांच्या सांगण्यावरून आता वेळ चौपट करून तोच सामना पुन्हा लावलाय. मशीन चौपट वेगवान घ्यायची ऐपत नाही, घड्याळ तर आपलंच आहे. सतरावा डाव चालू आहे, लीला एका प्याद्यानं वर. घरातून विचारणा झाली, 'आज तरी टेबल मिळणार का?' पोहे ओट्यावर खातोय.